‘क्लच गेला’ म्हणण्याआधी

गाडीत बसून एसीचं बटण दाबलं की बोनेटखालून ‘टक’ असा छोटासा आवाज येतो, तो तुम्ही कधी ऐकलाय? बऱ्याच गाड्यांत येतो. दिल्लीच्या मे महिन्यात तो आला नाही की घाम तिथूनच सुटायला लागतो. हा आवाज इलेक्ट्रिक क्लचचा असतो. इंजिन तर चालूच असतं, पण एसीचा कॉम्प्रेसर त्याला कधी जोडायचा आणि कधी सोडायचा, हे काम हा क्लच करतो. आज मी तुम्हाला त्याच्या एका चुलतभावाबद्दल सांगणार आहे. तो असतो बसून चालवायच्या गवत कापण्याच्या यंत्राखाली, म्हणजे रायडिंग मोवरखाली.

तुम्ही म्हणाल, आमच्या गॅलरीत चार कुंड्या आणि एक तुळस, आम्हाला मोवरशी काय देणंघेणं? पण तुमच्या सोसायटीच्या खिडकीतून खाली बघा. नोएडा, गुरुग्राम, ग्रेटर नोएडाच्या मोठ्या सोसायट्यांत, शाळांच्या मैदानांवर, छतरपूरच्या फार्महाउसमध्ये हे यंत्र आता दिसतं. वर ट्रॅक्टरसारखी सीट आणि स्टिअरिंग, खाली उपड्या परातीसारखं लोखंडी झाकण, त्या झाकणाखाली गरगर फिरणारी दोन-तीन पाती. त्याच हिरवळीवर संध्याकाळी आपली मुलं खेळतात. ते यंत्र चालवणाऱ्या माणसाचा पगार आपल्याच मेंटेनन्समधून जातो. म्हणजे देणंघेणं आहेच.

मी मूळची सांगलीकडची. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि नोएडात कंटेंट रायटर म्हणून नोकरीला लागले. ‘बी.ए. इंग्लिश करून करणार काय?’ हा प्रश्न आईला आमच्या सगळ्या नातेवाइकांनी विचारून झाला आहे. मी काय करते, तर परदेशी ग्राहकांसाठी ‘अमुक बिघडलं तर काय तपासावं’ अशा मजकुराचे ढीग लिहिते. वॉशिंग मशीन, पंप, जनरेटर, गवत कापायची यंत्रं. त्यामुळे माझ्याकडे कसलं यंत्र नसलं, तरी मॅन्युअल वाचायची सवय भरपूर आहे.

गेल्या जुलैत या सवयीचा पहिल्यांदा घराजवळ उपयोग झाला.

पाऊस आला, पाती थांबली

दिल्लीत पाऊस जूनच्या शेवटी येतो आणि हिरवळ एका आठवड्यात अंगावर येते. इथल्या हिरवळी बहुतेक दूबच्या, म्हणजे आपल्या हरळीच्या. गणपतीला एकवीस जुड्या शोधताना पुण्यात दमछाक होते, इथे तीच हरळी एकरांनी पसरलेली असते. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या मोवरची पाती फिरेनाशी झाली. इंजिन चालू, यंत्र पुढे-मागे जातंय, पण पिवळं बटण वर ओढलं तरी खाली काही होत नाही.

ठेकेदाराचा माणूस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘क्लच गया.’ नवा भाग बाहेरून मागवावा लागणार, २२,००० रुपये. शिवाय त्याने कारणही सांगून टाकलं. चालवणाऱ्याने उंच गवतात जबरदस्तीने घातला, म्हणून जळला. हे पैसे त्याच्या पगारातून कापले जातील.

चालवणारे म्हणजे आमचे माळीकाका. पन्नाशीचे, बिहारमधल्या एका गावचे, पगार महिना १४,०००. त्यांच्या दृष्टीने २२,००० म्हणजे दीड महिना फुकट राबणं. मी ऑफिसला निघताना ते गेटजवळ उभे होते. मला म्हणाले, ‘दीदी, जळला असता तर सकाळी कसा चालतो?’

हे वाक्य नीट ऐका. सकाळी सहाला पाती फिरतात. अर्ध्या-पाऊण तासाने ढिली पडतात. अकराला तर अजिबात लागत नाहीत. दुपारभर यंत्र सावलीत उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा लागतात. काकांनी हे ठेकेदाराच्या माणसालाही सांगितलं होतं. त्याने ते ऐकलं नव्हतं. रोग कसा आहे हे रोग्याशेजारी बसणाऱ्यालाच ठाऊक असतं आणि यंत्राशेजारी रोज सहा तास काकाच बसत होते.

मी सेक्रेटरी साहेबांना एवढंच म्हटलं, भाग मागवण्याआधी एक रविवार द्या. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियन भैयांकडे मल्टिमीटर आहे, काकांना यंत्र माहीत आहे आणि मॅन्युअल इंग्रजीत आहे, ते मी वाचते. त्यांनी खांदे उडवले, पण हो म्हणाले.

हा क्लच करतो तरी काय?

शाळेत खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून, तिला सेल जोडून टाचण्या उचलायचा प्रयोग तुम्ही केला असेल. विल्यम स्टर्जनने १८२४ मध्ये बनवलेला विद्युतचुंबक तत्त्वाने याहून वेगळा नव्हता आणि मोवरच्या क्लचच्या पोटातही तेच आहे. तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, म्हणजे कॉइल. त्याच्याजवळ इंजिनाबरोबर सतत फिरणारी एक चकती. आणि तिच्यासमोर, केसाएवढी फट सोडून, दुसरी लोखंडी तबकडी. पात्यांचा पट्टा या दुसऱ्या तबकडीशी जोडलेला असतो. बटण ओढलं की बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलला मिळतात, चुंबक तयार होतं, तबकडी ‘टक’ करून फिरत्या चकतीला चिकटते आणि पाती फिरू लागतात.

बटण दाबलं की वीज जाते, चुंबक संपतं, स्प्रिंगा तबकडीला मागे खेचतात. आता पुढचं महत्त्वाचं आहे. मागे खेचलेली तबकडी नुसती मोकळी सुटत नाही, ती ब्रेकवर जाऊन दाबली जाते आणि पाती थांबतात. म्हणजे हा क्लच जोडतो आणि थांबवतोही. वीज असेल तर पाती फिरतात, वीज गेली तर थांबतात. वायर तुटली, फ्यूज उडाला, बॅटरी मेली, काहीही झालं तरी यंत्राचा कल थांबण्याकडेच असतो. बनवणाऱ्याने ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. लेखाच्या शेवटापर्यंत एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

आधी फुकटातली तपासणी

बिघाड शोधताना एक नियम पाळायचा. जे फुकट आणि सोपं आहे ते आधी, महाग आहे ते सगळ्यांत शेवटी. आणि त्याहीआधी किल्ली काढायची, इंजिन थंड होऊ द्यायचं, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवायची. प्लगची वायर जागेवर असताना पात्यांजवळ हात न्यायचाच नाही. पातं हाताने फिरवलं तर पट्ट्यातून इंजिनही हलू शकतं.

आम्ही सुरुवात खालून केली. काकांनी हातमोजा घालून एकेक पातं फिरवून बघितलं. दोन मोकळी फिरली, तिसरं अडत होतं. त्याच्या दांड्याला काय गुंडाळलेलं निघालं असेल? पतंगाचा मांजा. दिल्लीत पंधरा ऑगस्टला पतंग उडतात, पण मुलांचा सराव जुलैपासूनच सुरू होतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि हिरवळीवर पडतोही. तो दांड्यावर घट्ट बसला की पातं जड होतं, पट्टा घसरतो आणि सगळा ताण क्लचवर येतो. चाकूने तो कापून काढायला वीस मिनिटं लागली. खर्च शून्य.

मग पट्टा बघितला. भेगा नव्हत्या, ताण ठीक होता. पट्टा सैल असेल तर क्लच ‘टक’ करून लागतो, पण पाती रेंगाळतात. त्यामुळे आवाज येतो का, हा पहिला प्रश्न. तो तपासायला बऱ्याच यंत्रांत इंजिन चालू करावं लागत नाही. किल्ली फक्त ‘ऑन’वर न्यायची, सीटवर बसायचं आणि बटण ओढायचं. सकाळच्या गारव्यात आमच्या यंत्राने आवाज दिला, पण तो ‘टक’ नव्हता, एखाद्या दमलेल्या माणसाने हुंकार द्यावा तसा दबका होता. आवाज अजिबातच आला नसता तर फ्यूज, सीटखालचा स्विच, ब्रेकचा स्विच आणि ते पिवळं बटण, या क्रमाने बघायचं होतं. इथे आवाज येत होता, म्हणजे वीज पोचत होती. प्रश्न होता तो किती पोचते याचा.

मल्टिमीटर काय बोलला

इलेक्ट्रिशियन भैयांनी क्लचचा कनेक्टर सोडवला आणि मीटर ओहमवर ठेवला. मॅन्युअलमध्ये न लिहिलेली एक गोष्ट त्यांनी आधी केली. मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. ०.३ ओहम दिसला. हा मीटरच्या स्वतःच्या वायरींचा, तो नंतर वजा करायचा. मग कॉइल मोजली, ३.२. म्हणजे खरे २.९ ओहम.

याचा अर्थ काय? अशा क्लचच्या कॉइलचा रोध साधारण २ ते ४ ओहम असतो, नेमका आकडा यंत्राच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. मीटरने काहीच आकडा दाखवला नाही तर आत तार तुटली आहे. जवळजवळ शून्य दाखवला तर तार आतल्या आत चिकटली आहे आणि फ्यूज उडत राहणार. कॉइलचं एक टोक आणि क्लचचं लोखंडी अंग यांच्यात मोजल्यावर जोड दिसला, तर वेष्टण जळून वीज अंगाला लागते आहे. या तिन्ही परिस्थितींत ‘क्लच गेला’ हे म्हणणं बरोबर. आमच्या कॉइलमध्ये यातलं काहीच नव्हतं. काका मीटरकडे बघत होते. भैया म्हणाले, ‘कॉइल एकदम ठीक.’ काकांनी पहिल्यांदा टोपी काढून घाम पुसला.

पुढचं मोजमाप व्होल्टचं. कनेक्टर परत जोडून, किल्ली ‘ऑन’, काका सीटवर, बटण वर. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. क्लचच्या कनेक्टरवर, क्लच लागलेला असताना, ९.६. म्हणजे वाटेत २.८ व्होल्ट कुठेतरी हरवत होते. हे मोजमाप क्लच जोडलेला असतानाच घ्यायचं असतं. नुसत्या मोकळ्या वायरीत मोजलं तर पूर्ण १२ दिसतात आणि आपण फसतो. नळाच्या पाइपात कचरा असला तरी तोटी बंद असताना दाब पूर्ण वाटतो, तोटी उघडली की बारीक धार येते, तसंच हे.

आता शाळेतलं गणित. १२.४ भागिले २.९ म्हणजे सव्वाचार अँपिअर मिळायला हवेत. मिळत होते ९.६ भागिले २.९, म्हणजे सव्वातीन. चुंबक जवळपास पाव हिश्शाने दुबळं. भैयांनी वायर हाताने चाचपत नेली आणि झाकणाच्या कडेजवळ एक कनेक्टर सापडला. आत ओल्या गवताचा लगदा, हिरवा गंज, आणि प्लास्टिक एका बाजूने भाजून तपकिरी झालेलं. हरवलेले व्होल्ट तिथे उष्णता होऊन जात होते.

तो सांधा कापून नवा लावला, साठ रुपये. पुन्हा मोजलं, १२.१.

सकाळी चालतो, अकराला थांबतो

पण काकांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून मिळालं नव्हतं. सकाळी चालतो, मग तापल्यावर का नाही?

तांब्याचा एक स्वभाव आहे. ते तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. इंजिनाखाली, दिल्लीच्या उन्हात, कॉइल २५ अंशांवरून १२५ वर गेली तर रोध जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढतो. २.९ चे चार होतात. म्हणजे प्रवाह कमी, चुंबक आणखी दुबळं. चांगल्या स्थितीतला क्लच हे सहन करतो, कारण तेवढी सूट बनवणाऱ्याने धरलेली असते. आमच्या यंत्रात ही सूट आधीच दोन ठिकाणी संपली होती. एक तो गंजलेला सांधा. दुसरी ती केसाएवढी फट.

तबकडी आणि चकती वर्षानुवर्षं घासून झिजतात आणि त्यांच्यातली फट वाढत जाते. चुंबकाला फट फार जाचते. जरा वाढली की ओढ झपाट्याने कमी होते. ही फट मोजायला फीलर गेज नावाच्या पातळ पट्ट्या मिळतात, कुठल्याही मोटर मेकॅनिककडे असतात. क्लचच्या कडेला तीन खिडक्या असतात, प्रत्येकीतून पट्टी घालून बघायची. आमच्या मॅन्युअलने ०.४ मिलिमीटर सांगितली होती. आमच्याकडे तिन्ही खिडक्यांत ०.७ ची पट्टी सहज जात होती.

अशा क्लचवर तीन नट असतात. ते थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे आणि तिन्ही खिडक्यांत फट सारखी आणायची. एक बाजू आवळून दुसरी सोडली तर तबकडी तिरकी बसते. काही क्लचना हे नट नसतातच, त्यांची फट बदलता येत नाही. ते मॅन्युअलमध्ये बघायचं. मी इंग्रजी वाक्यं हिंदीत सांगत होते, भैया पट्टी धरत होते, काका पान्याला पाव पाव फेरा देत होते. तासाभरात काम झालं. बटण ओढल्यावर जो ‘टक’ आला, तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतूनही ऐकू आला असेल.

ठेकेदाराचं म्हणणं होतं की माणसाने जाळला. प्रत्यक्षात निघालं काय, तर मांजा, गंज आणि झीज. यातलं एकही काकांच्या हातून झालेलं नव्हतं.

सीटखाली काय होतं

इथे लेख संपवता आला असता. पण मॅन्युअलमध्ये शेवटची एक चाचणी होती. जवळ कोणी नसताना, सपाट जागेवर, पाती लावलेली असताना चालकाने सीटवरून जरासं उठायचं. इंजिन ताबडतोब बंद पडलं पाहिजे आणि पाती थांबली पाहिजेत.

काका उठले. इंजिन चालूच. पाती फिरतच राहिली.

यंत्र बंद करून सीट उचलली. खाली सीटच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून काळ्या टेपने गुंडाळलेल्या होत्या. काका म्हणाले, मागच्या पावसाळ्यात इंजिन मध्येच बंद पडायचं, तेव्हा एका मेकॅनिकने ‘डायरेक्ट’ करून दिलं होतं. पन्नास रुपयांत काम झालं म्हणून सगळे खूश होते. तेव्हापासून वाटेत पाण्याचा पाइप किंवा मुलांचा बॉल आला की काका पाती चालू ठेवूनच खाली उतरायचे, पाइप उचलायचे, परत बसायचे. आपण उतरल्यावर यंत्राने थांबायला हवं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

क्लचला थांबवता येतं, पण कधी थांबायचं हे त्याला सीटचा स्विच सांगतो. तो स्विच मुका केला की ब्रेक असूनही नसल्यासारखा.

आमच्याकडे गावात कडबाकुट्टी घरोघरी आहे. वैरणीची पेंढी आत सारायची, पलीकडून बारीक तुकडे. ज्यांची एक-दोन बोटं अर्धी आहेत अशी माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे. विचारलं की ‘मशीनमध्ये गेलं’ एवढंच उत्तर, जणू यंत्राने बोटं खायचीच असतात. मळणी यंत्रांनी इतके हात नेले की १९८३ मध्ये त्यासाठी केंद्राला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. अमेरिकेत मागून ढकलायच्या मोवरसाठी १९८२ पासून नियम आहे, दांडा सोडला की पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे. हे नियम आणि हे स्विच कोणाच्या तरी बोटांनंतर आलेले असतात. ते पन्नास रुपयांत ‘डायरेक्ट’ करण्यासाठी नसतात.

गवत कापायचं पहिलं यंत्र १८३० मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने बनवलं, ते हाताने ढकलायचं होतं. पुढे मोठी यंत्रं आली आणि त्यांना जनावरं जुंपली गेली. ताजमहालाच्या हिरवळीवर बैल असं यंत्र ओढताहेत, असे फोटो तुम्ही पाहिले असतील. बैलाचा वेग नसेल, पण माणूस खाली पडला तर बैल थबकतो. इंजिनाला तेवढी समज नसते. ती त्याला सीटखालच्या एका स्विचने दिलेली असते.

सेक्रेटरी साहेबांना नवा स्विच नको होता. ‘यंत्र चालतंय ना आता?’ असं ते म्हणाले. मी त्यांना खाली हिरवळीवर नेलं आणि काकांना, इंजिन बंद असताना, ते रोज कसे उतरतात तेवढंच दाखवायला सांगितलं. पाय कुठे पडतो, झाकणाची कड कुठे असते, पाइप कुठे असतो. संध्याकाळ होती, पाच-सहा मुलं तिथेच बॅडमिंटन खेळत होती. साहेबांनी मुलांकडे बघितलं आणि स्विचला मंजुरी दिली. ९०० रुपये. तो जुना स्विच गंजला होता म्हणूनच इंजिन बंद पडत होतं. मागच्या वर्षीच बदलला असता तर टेपची वेळच आली नसती.

पगारातून कापणं

आता त्या २२,००० बद्दल. सोसायटीत राबणाऱ्या माणसांसाठी हे माहीत असू द्या. कामगाराच्या हातून नुकसान झालं असं म्हणून पगार कापायचा असेल, तर नुकसान त्याच्याच हयगयीमुळे झालेलं असायला हवं आणि कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नुकसानाहून जास्त रक्कम कापता येत नाही. हे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यापासून चालत आलं आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. ‘क्लच गया’ हे वाक्य म्हणजे चौकशी नव्हे.

मी एका कागदावर मोजलेले आकडे लिहिले. कॉइल २.९ ओहम, व्होल्ट आधी ९.६, नंतर १२.१, फट ०.७ वरून ०.४, पात्याच्या दांड्यावर मांजा, सीटचा स्विच जोडून टाकलेला. खाली इलेक्ट्रिशियन भैयांची आणि काकांची सही. सेक्रेटरी साहेबांनी तो कागद ठेकेदाराला पाठवला. पहिला हप्ता जुलैच्या पगारातून कापून झाला होता. तो परत मिळायला दोन स्मरणपत्रं लागली, पण मिळाला. कागदावरच्या आकड्यांशी वाद घालणं अवघड असतं. ‘काका चांगले आहेत हो, ते असं करणार नाहीत’ असं मी शंभरदा म्हटलं असतं तरी एवढा उपयोग झाला नसता.

क्लच कधी खरंच जातो. तापून निळी पडलेली चकती, बेअरिंगचा घरघर आवाज, तुटलेली कॉइल दिसली तर नवा घ्यावाच लागतो. नवा बसवताना क्लचचं बाहेरचं अंग फिरू नये म्हणून जी अडण असते, ती जागेवर आहे ना तेवढं बघा. ती नसेल तर अख्खा क्लच फिरतो आणि वायरी उपटून काढतो, मग नव्या क्लचलाही शिव्या बसतात. आणि पाती नेहमी कापलेल्या मोकळ्या जागेवर लावा, उंच गवतात उभं राहून नाही.

तुमच्या सोसायटीत असं यंत्र असेल तर या रविवारी खाली जा. चालवणाऱ्या काकांना किंवा भैयांना एकच प्रश्न विचारा, ‘सीटवरून उठल्यावर हे थांबतं का?’ थांबत असेल तर त्यांच्याबरोबर चहा घ्या. थांबत नसेल, तर मुलांना वर बोलवा, किल्ली काढून घ्या आणि सीट उचलून बघा.